चौंडीच्या लेकीनं परगावचे विणकर बोलावले अन् महेश्वर उभं राहिलं
१३ ऑगस्ट : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुण्यतिथी विशेष

आज १३ ऑगस्ट. १७९५ साली याच दिवशी नर्मदेच्या काठी महेश्वरला अहिल्यादेवी होळकरांनी डोळे मिटले. आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही लेक. आज आपल्या जिल्ह्याला तिचंच नाव आहे. गावोगाव फोटोला हार घातले जातील, भाषणं होतील. काशी, सोमनाथ, घाट, बारवा, धर्मशाळा हे सगळं भाषणात येईल आणि यायलाच हवं.

पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्या भागात फारशी सांगितली जात नाही. ती म्हणजे, ओस पडत चाललेल्या एका जुन्या गावात त्यांनी परमुलखातली कारागीर माणसं बोलावून वसवली, त्यांना घर दिलं, काम दिलं, आणि त्या गावाच्या जुन्या ओळखीवरच नवा धंदा उभा केला. तो धंदा आज अडीचशे वर्षांनंतरही चालू आहे. तुमच्या घरातल्या लग्नाच्या बस्त्यात महेश्वरी साडी आली असेल, तर ती त्याच धंद्यातली.

आज आपल्या गावांची अवस्था काय आहे, ते सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, घरांना कुलपं लागतात. शिकलेली पोरं पुण्याच्या कंपनीत. दुसरीकडं वीटभट्टीवर, पोल्ट्रीत, बांधकामावर परराज्यातली माणसं येतात आणि आपण त्यांच्याकडं जरा तिरक्या नजरेनंच बघतो. म्हणून यंदा पुण्यतिथीला ही गोष्ट सांगावी म्हटलं.

सीनेकाठचं माहेर

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ चा. वडील माणकोजी शिंदे चौंडीचे पाटील. धनगर समाजातलं घर. सीना नदीच्या काठचं हे छोटं गाव. त्या काळी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, पण माणकोजींनी लेकीला अक्षरओळख करून दिली.

मल्हारराव होळकर पुण्याकडं जाताना चौंडीला मुक्कामी थांबले, देवळात ही चुणचुणीत पोर त्यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी तिला सून करून घेतलं, अशी गोष्ट आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगतात. लग्न झालं १७३३ साली. नवरी आठ वर्षांची. नवरदेव मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव.

आता हे होळकर तरी कुठले? मल्हाररावांचं गाव नीरा नदीकाठचं होळ. गावावरूनच आडनाव पडलं. लहानपणीच वडील वारले, तेव्हा आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडं, भोजराज बारगळांकडं गेली. मल्हारराव मामाच्या गावी मेंढरं राखत वाढले. तिथून घोडदळात शिरले, पुढं बाजीराव पेशव्यांच्या फौजेत नाव काढलं आणि माळव्याचे सुभेदार झाले. म्हणजे होळकरांचं घराणंच मुळात गाव सोडून दुसऱ्याच्या गावात आसरा मिळालेल्या माणसानं उभं केलं. मामानं दार लावून घेतलं असतं, तर होळकरशाही झालीच नसती.

आणि चौंडीची अहिल्या? ती पण आठव्या वर्षी घर सोडून माळव्यात गेली. तिथली भाषा वेगळी, पाऊसपाणी वेगळं, माणसं वेगळी. पुढं तिनं तो मुलूख आपलासा केला आणि मुलखानं तिला आई म्हटलं.

सासऱ्याच्या हाताखाली शिक्षण

मल्हारराव वर्षातले कित्येक महिने मोहिमेवर. मागं घर, जमाखर्च, वसुली, फौजेला रसद हे सगळं बघायला माणूस पाहिजे. ते काम हळूहळू सुनेकडं आलं. सासू गौतमाबाई पण कर्तबगार. त्यांच्याकडं घराण्याची स्वतंत्र खासगी जहागीर होती. तिचा कारभार कसा चालतो, हे अहिल्याबाई जवळून शिकल्या. पुढं सगळा दानधर्म याच खासगीतून झाला. सरकारी तिजोरी आणि आपली तिजोरी यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

१७४५ ला मुलगा मालेराव झाला, १७४८ ला मुलगी मुक्ता. आणि १७५४ च्या मार्चमध्ये घात झाला. भरतपूरकडं कुंभेरच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथं तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई अठ्ठावीस वर्षांच्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी पदर पसरला, आता माझा मुलगा तूच, असं म्हणून त्यांना थांबवलं. त्या थांबल्या.

त्यानंतर सासऱ्यांनी त्यांच्यावर खरंच मुलासारखी जबाबदारी टाकली. तोफखाना, दारूगोळा, घोडी, हिशेब. मोहिमेवरून पत्रं यायची आणि त्यात कामांची यादी असायची. बाई म्हणून सूट नाही.

१७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव आलमपूरला वारले. गादी नातू मालेरावाला मिळाली, पण त्याची तब्येत आणि डोकं दोन्ही ठिकाणावर नव्हतं. १७६७ च्या एप्रिलमध्ये तोही गेला. नवरा गेला, सासरा गेला, एकुलता मुलगा गेला. तेरा वर्षांत घर रिकामं झालं.

अशा वेळी टपून बसलेली माणसं असतातच. घराण्याचे जुने कारभारी गंगोबातात्या चंद्रचूड यांनी राघोबादादांना आतून निरोप धाडला, की दौलतीला वारस नाही, या. दादा फौज घेऊन निघाले. बाईंनी इकडं आपली फौज उभी केली, शिंदे, गायकवाड अशा सरदारांना पत्रं लिहिली, पुण्याला माधवराव पेशव्यांच्या कानावर घातलं. पेशव्यांनी बाईंची बाजू घेतली. दादांना लढाई न करता, समाचाराला आलो होतो म्हणत मागं फिरावं लागलं. कारभार बाईंकडं आणि फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडं, अशी वाटणी झाली. ती पुढं अठ्ठावीस वर्षं टिकली.

राजधानीला निवडलं एक पडकं गाव

कारभार हातात आल्यावर बाईंनी एक निर्णय घेतला. त्यांनी राहायला निवडलं महेश्वर.

महेश्वर म्हणजे नर्मदेच्या उत्तर काठावरचं जुनं गाव, आज मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात. पुराणातली माहिष्मती नगरी ती हीच, अशी लोकांची श्रद्धा. सहस्रार्जुनाची राजधानी. म्हणजे गावाला नाव मोठं, पण त्या वेळी गावात उरलं होतं काय? जुना किल्ला, नदी आणि यात्रेकरू. राजधानीला लागणारे बाजार, कारागीर, पेठा काहीच नाही.

दुसरा एखादा राजा असता, तर म्हणाला असता, इथं काय ठेवलंय. बाईंनी उलटा विचार केला. गावाजवळ जे आहे, त्याच्यावरच उभं करायचं. नदी आहे, तर घाट बांधा. यात्रेकरू येतात, तर त्यांना उतरायला जागा करा. सहस्रार्जुनाचं नाव आहे, तर देवळं नीट करा. किल्ला आहे, तर त्याच्यातच राहा. तिथं बांधलेला त्यांचा वाडा आजही बघायला मिळतो. राजवाडा म्हणून बघायला जाल तर निराश व्हाल, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या पाटलाच्या वाड्यासारखा साधा आहे.

बांधकाम सुरू झालं की गवंडी, पाथरवट, सुतार, लोहार लागतात. ते आले. देवळं आली की पुजारी, शास्त्री, कीर्तनकार येतात. ते आले. दक्षिणेतून, काशीकडून विद्वान येऊन राहिले. वैद्य आले. संगमनेरचे शाहीर अनंतफंदी महेश्वरला गेले होते आणि बाईंच्या सांगण्यावरून डफ-लावणी सोडून कीर्तनाला लागले, अशी आख्यायिका आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे.

पण बाईंना कारभाराचा अनुभव होता. बांधकाम आज ना उद्या संपतं. दानधर्मावर जगणारं गाव दान आटलं की आटतं. गावाला बारा महिने चालणारा धंदा पाहिजे.

माग आले, विणकर आले

तो धंदा म्हणजे हातमागाचा. महेश्वरमध्ये बाईंनी बाहेरून विणकर आणले. सुरतेकडून आणले, माळव्यातल्या दुसऱ्या गावांमधून आणले. त्यात हिंदू होते, मुसलमान होते. आजही महेश्वरच्या मागावर बसणाऱ्यांत अन्सारी घराणी आहेत.

आता विचार करा, विणकर आपलं गाव सोडून का येईल? विणकराचा माग जमिनीत खड्डा खणून बसवलेला असतो. घरातला प्रत्येक माणूस त्या कामात गुंतलेला. बाई सूत उकलते, म्हातारा कांड्या भरतो, पोरगं ताणा लावायला हात देतं. असं कुटुंब उठवून आणायचं, तर नुसता निरोप पाठवून भागत नाही. त्याला तीन गोष्टींची खात्री लागते. राहायला जागा मिळेल का? विणलेला माल कोण घेईल? आणि उद्या कोणी लुटलं, नाडलं, तर दाद कोणाकडं मागायची?

बाईंनी या तिन्ही गोष्टींची सोय केली. गावात वसायला जागा दिली. मालाचं पहिलं गिऱ्हाईक स्वतः दरबारच झाला. राजदरबार म्हटलं की देण्याघेण्याला लुगडी, पागोटी, शेले लागतातच. पाहुण्याला निरोप देताना, लेकी-सुनांच्या ओटीत, सरदारांच्या घरच्या कार्याला काहीतरी द्यावं लागतं. आधी हा माल बाहेरून विकत यायचा. आता तो गावातच तयार होऊ लागला. पैसा गावातच फिरू लागला. दरबारात दिलेलं लुगडं पुण्याला, ग्वाल्हेरला, बडोद्याला जायचं आणि तिथल्या बायका विचारायच्या, हे कुठलं? तीच जाहिरात.

आणि दाद मागायची सोय म्हणजे बाईंचा रोजचा दरबार. पहाटे उठून स्नान, पूजा, पोथी, दानधर्म. दुपारनंतर कचेरी. तिथं कोणालाही येता यायचं, कालचा आलेला असो की सात पिढ्यांचा रहिवासी. या गोष्टी त्यांच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी माळव्यात आलेल्या माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोकांना विचारून लिहून ठेवल्या. शत्रुपक्षाचा माणूस, पण बाईंबद्दल लिहिताना त्याची लेखणी नरम झालेली दिसते.

दगडावरची नक्षी काठावर उतरली

इथं खरी गंमत आहे. आलेल्या विणकरांनी आपलं सुरतेचं किंवा माळव्याचं जुनं कापड तसंच विणलं असतं, तर महेश्वर नुसतं नकलेचं गाव झालं असतं. तसं झालं नाही. हात परगावचा आणि नक्षी या गावची, असा मेळ बसला.

महेश्वरी साडीचा काठ जरा नीट बघा. त्यात विटांची रचना दिसते, चटईची वीण दिसते, हिरा दिसतो, चमेलीचं फूल दिसतं. नर्मदेच्या लाटेसारखी नागमोडी रेघ दिसते. विणकर सांगतात, की या नक्ष्या किल्ल्याच्या आणि देवळांच्या दगडी भिंतींवरून घेतल्या आहेत. पहिल्या साडीचा नमुना बाईंनीच काढून दिला, असंही तिथं सांगतात. अंग साधं, नाहीतर चौकडा किंवा पट्टे. शोभा सगळी काठात आणि पदरात. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळं साडी उलटसुलट कशीही नेसता येते. सुरुवातीला ही लुगडी सुती असायची, रेशीम नंतर आलं. खुद्द बाई पांढऱ्या साध्या लुगड्यात राहिल्या, पण त्यांच्या गावच्या मागानं दुसऱ्यांच्या लेकी-सुनांना रंग पुरवले.

म्हणजे झालं असं, की बाहेरून आलेल्या माणसानं गावाचा वारसा बुडवला नाही, उलट गावातल्या लोकांना रोज दिसूनही न दिसणारी नक्षी त्यानं कापडावर आणली आणि देशभर नेली. दगड महेश्वरचाच होता. तो पोटाला लावायची युक्ती मात्र बाहेरून आलेल्या हातांनी शिकवली.

आधीच राहणाऱ्यांचं काय?

नवीन माणसं वसवायची म्हटलं, की गावात पहिला प्रश्न उठतो. आमचं काय? हा प्रश्न खोटा नाही. बाईंपुढंही तो होता.

विंध्य आणि सातपुड्याच्या डोंगरात भिल्लांची वस्ती. व्यापारी, यात्रेकरू, विणकरांचा माल याच घाटातून ये-जा करणार. वाटेवर लूट व्हायची. बाईंनी आधी कडक हात दाखवला. काही म्होरक्यांना जबर शिक्षा झाल्या. पण त्यांच्या लक्षात आलं, की हा डोंगर पिढ्यान् पिढ्या यांचा आहे, यांच्या हद्दीतून जग श्रीमंत होऊन जातं आणि यांच्या हातात काही पडत नाही. मग त्यांनी भिल्लांचा जुना हक्क मान्य केला. वाटसरूंकडून ठरावीक थोडी रक्कम घ्यायची, तिला भिलकवडी म्हणत. त्याच्या बदल्यात आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा, ही जबाबदारी त्यांची. पडीक जमिनी लागवडीला दिल्या. काल वाट अडवणारा आज वाटेचा राखणदार झाला.

सावकार-व्यापाऱ्यांच्या बाबतीतही तेच. इंदूर त्या वेळी वाढत होतं, बाहेरून पेढीवाले येत होते. तिथला एक श्रीमंत सावकार मूलबाळ नसताना वारला. तुकोजी होळकर फौजेसह जवळच होते. काही जणांनी त्यांच्या कानाला लागून त्या संपत्तीत वाटा मागायला लावलं. विधवा महेश्वरला धावली. बाईंनी तिची मालमत्ता तिच्याकडंच ठेवली आणि आपल्याच सेनापतीला हुकूम धाडला, की मुक्काम हलवा आणि माझ्या शहराला त्रास देऊ नका. तुकोजी निघून गेले. हा निकाल ऐकून किती व्यापाऱ्यांनी इंदूरला दुकान टाकायचं ठरवलं असेल, ते बघा.

खरगोनच्या दोन सावकार भावांच्या विधवांनी आपली संपत्ती बाईंना देऊ केली होती. ती पण त्यांनी घेतली नाही. तुमच्या गावासाठी खर्च करा म्हणाल्या. त्यातून कुंदा नदीवर घाट आणि गणपतीचं देऊळ झालं. दुसऱ्याच्या पैशावर डोळा नाही, ही पत एकदा बसली की माणसं आपोआप येतात.

सगळंच गोड होतं असंही नाही. रामपुऱ्याकडच्या चंद्रावत राजपुतांनी उठाव केला, तो त्यांनी कठोरपणे मोडला. फौजेचा खर्च आणि तुकोजींच्या पैशाच्या मागण्या यांची कटकट शेवटपर्यंत राहिली.

घरात मात्र अंधार

गाव बहरत होतं आणि बाईंचं घर उतरत होतं. लेक मुक्ताबाईचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. जो मुलखातल्या चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असं बाईंनी जाहीर केलं आणि फणसे पुढं आले, अशी कथा सांगतात. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे नातवाच्या आधारावर बाईंनी मन गुंतवलं होतं. तो ऐन उमेदीत गेला. पाठोपाठ १७९१ साली जावई गेले. आणि मुक्ताबाई सती जायला उठली.

सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याच्या शब्दाखातर ज्या स्वतः थांबल्या होत्या, त्यांनी लेकीला परोपरीनं विनवलं. पण लेक थांबली नाही. नर्मदेकाठी आईच्या डोळ्यांदेखत ती चिता पेटली. काशीचं देऊळ उभं करणाऱ्या, राघोबादादांना परत फिरवणाऱ्या बाईंना आपल्या मुलीला वाचवता आलं नाही. या एका गोष्टीपुढं त्यांच्या चरित्रातली सगळी कीर्ती क्षणभर गप्प होते.

त्यानंतर त्या चार वर्षं जगल्या. कचेरी बंद केली नाही. १३ ऑगस्ट १७९५ ला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याच घाटावरच्या गावात त्या गेल्या. रक्ताचं वारसदार म्हणावं असं जवळचं कोणी मागं उरलं नव्हतं. पण मागावर बसलेले विणकर होते.

राजधानी गेली, माग राहिला

बाईंनंतर होळकरांच्या घरात भांडणं लागली, लढाया झाल्या. १८१८ च्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली. दरबार गेला तसं मोठं गिऱ्हाईक गेलं. पुढं गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि महेश्वरचे माग एकेक करून थांबू लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धंदा अगदी मरणपंथाला लागला.

तो सावरला १९७८ नंतर. होळकर घराण्यातले रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली. बायकांना विणकाम शिकवलं, जुने नमुने शोधून काढले, मालाला बाजार मिळवून दिला. त्यातून दुसऱ्यांनी पण माग टाकले. आज महेश्वरच्या गल्लीतून चालत गेलं, की घराघरातून धोट्याचा खटखट आवाज येतो. हजारो माणसांचं पोट त्यावर चालतं. घाट बघायला येणारा प्रवासी साडी घेऊन जातो आणि साडी नेसलेली बाई कधीतरी घाट बघायला येते.

आपल्या गावांसाठी काय?

आता आपल्याकडं वळू. आपण काय राजे नाही, खासगी जहागीर नाही. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, गावाजवळ काय आहे ते बघणं. आपल्या भागात बारवा आहेत, हेमाडपंती देवळं आहेत, जुन्या वेशी आहेत. घोंगडीचं बघा. धनगराची लोकर आणि खड्ड्यातला माग, ही तर अहिल्यादेवींच्या माहेरची कला. आज लोकरीला भाव नाही म्हणून कातरलेली लोकर फेकून द्यायची वेळ येते आणि घोंगडी विणणारे हात बोटांवर मोजण्याइतके राहिले. ती शिकायला उद्या परगावचं पोर आलं, तर त्याला नको म्हणायचं का?

दुसरी, आलेल्या माणसाला माणूस म्हणून जागा देणं. आपल्या रानात मेंढरं बसवायला आपण धनगराला बोलावतो. तो परगावचा असतो, त्याची बोली वेगळी असते. तरी आपण त्याला धान्य देतो, पैसे देतो, कारण लेंडीखतानं रानाला काय मिळतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या कुटुंबाचं पण तसंच आहे. त्यांची पोरं गावच्या शाळेत बसली तर पट वाढतो आणि पटसंख्येअभावी धोक्यात आलेली शाळा टिकते. त्यांना पाण्याचा नळ आणि आजारपणात आरोग्य केंद्राची वाट दाखवली, तर ग्रामपंचायतीचं काही बिघडत नाही. आणि हे विसरू नका, की दिवाळीनंतर आपलीच माणसं साखर कारखान्याच्या फडात पाल ठोकून राहतात. तिथं त्यांना कसं वागवलं जावं असं आपल्याला वाटतं, तसंच इथं आपण वागायला हवं.

तिसरी, नियम सगळ्यांना एक. बाईंनी विणकराला जागा दिली, पण भिल्लाचा हक्क काढून नाही. व्यापाऱ्याला अभय दिलं, पण त्यासाठी आपल्या सेनापतीला बाजूला सारायची तयारी ठेवली. गावात कोणी बाहेरचा आला, तर त्याची नोंद व्हावी, मजुरी ठरलेली मिळावी, भांडण झालं तर दोन्ही बाजू ऐकल्या जाव्यात. एवढं झालं की भीती निम्मी कमी होते.

आज चौंडीला गर्दी होईल. माहेरच्या लेकीला नमस्कार करायला माणसं लांबून येतील. येताना वाटेत, गावाबाहेरच्या पालावर एखादं परमुलखातलं बिऱ्हाड दिसेल. तिथं दोन मिनिटं थांबून पाणी मिळतं का, पोरं शाळेत जातात का, एवढं विचारलं, तरी अहिल्यादेवींची पुण्यतिथी खऱ्या अर्थानं साजरी झाली म्हणायची.